देवीच्या मोहिमेतली रहमतबी

फौजेत मी नर्सिंग हवालदार होतो. पेन्शनवर आलो तेव्हा देवीचा रोग देशातून घालवायची मोहीम सुरू झाली होती. उमरगा तालुक्यात लस टोचणाऱ्या तुकडीवर माझी नेमणूक झाली. माझ्याखाली चार माणसं. सकाळी सहाला फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, सातला गावात. फौजेत लस म्हणजे हुकूम. बाही वर, हात पुढं, नेक्स्ट. गावातही तसंच चालेल, असं मी धरून चाललो होतो.

म्हैसूर राज्याच्या शिवेलगतच्या एका गावात देवी आल्याची खबर आली. मी दोन्ही वाटांवर बरोबर आणलेले पोलीस उभे केले आणि घरं तपासायला लागलो. अर्ध्या घरांना आतून कडी. शिवप्पा नावाच्या शेतकऱ्यानं दारातच अडवलं.

"आमच्यात कुणी आजारी न्हाय."

आत कुणीतरी कण्हत होतं. मी आवाज चढवला. त्यानं दार लावून घेतलं.

गावची दाई रहमतबी हे बघत उभी होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं.

"हवालदारसाब, तुमी धाड घातल्यागत येताव. ह्या लोकांनी धाडी लई बघितल्यात. आजारी माणूस दावला की तुमी उचलून न्याल, असं वाटतंय त्यास्नी."

"मग काय करू?"

"बूट काढा. माझ्या मागं या."

आत शिवप्पाची सून पडली होती. अंगभर फोड. रहमतबीनं तिला पाणी पाजलं. हिला गावाबाहेर नेणार नाही, असा मी शिवप्पाला शब्द दिला. घरातच वेगळं ठेवायचं ठरलं. सेवा रहमतबी करणार होती. मग शिवप्पानं घरातल्या सगळ्यांना पुढं आणलं आणि आधी स्वतःचा हात दिला.

दोन दिवसांत गाव टोचून झालं. प्रत्येक दारात रहमतबी पुढं. ती लेकरांचे दंड धरायची, मी टोचायचो. एका घरापुढं आमच्या माणसानं यादीत 'कुलूप' लिहिलं. ते तिचंच घर होतं. ती आमच्याबरोबर होती, म्हणून कुलूप होतं.

पंधरवड्यानं तपासणीला गेलो. शिवप्पाची सून उठून बसली होती. नवीन रोगी एकच, रहमतबी.

"मावशी, तुम्ही टोचून घेतलं नव्हतं?"

"तुमी इचारलं न्हाय, साब. अन् मलाबी ध्यान ऱ्हायलं न्हाय."

फौजेत स्ट्रेचर उचलणाऱ्याला सगळ्यांच्या आधी टोचतात. हे मला पाठ होतं. पण ती माझ्या मस्टरवर नव्हती, म्हणून मला ती तुकडीतली वाटलीच नाही. त्यानंतर प्रत्येक गावात, जो माणूस आम्हाला दार उघडून द्यायचा, त्याला मी पहिली लस दिली. आणि पोलीस कधी बरोबर नेले नाहीत.

त्या तपासणीनंतर आठव्या दिवशी रहमतबी गेली. दफनाला शिवप्पा आला. माती देऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

त्या महिन्याच्या रिपोर्टात मी लिहिलं, 'तुकडीतील सर्व कुशल.' कागदोपत्री ते बरोबर होतं. आज तो रिपोर्ट लिहायचा झाला तर मी लिहीन, तुकडीतली एक बाई ड्यूटीवर असताना गेली. नाव रहमतबी. काम दाई.