आभाळाकडे पाहणारा कोंबडा

आमच्या कोंबड्या वहिनीच्या नजरेने मेल्या नाहीत. एवढं एक वाक्य बोलायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि आता ते लिहून काढताना इतकं हलकं वाटतंय की या गुडघ्यांनी फुगडी घालावी.

तेव्हा मी तरुण होतो. मलकापूरच्या बाजारात एकाने मला लाल तुऱ्याचा कोंबडा दाखवला. मान मागे मुरडून तो एकटक आभाळाकडे बघत होता. "जातिवंत आहे दादा," विकणारा म्हणाला, "जमिनीकडे पाहतच नाई." भाव निम्मा होता, तरी मला शंका आली नाही. धामणगाव बढ्याच्या बसमध्ये कोंबड्याची मान पिशवीबाहेर आणि नजर टपाला. कंडक्टरने विचारलं, "वर काय पाहून राह्यला हा?" मी म्हणालो, "खानदानी आहे." मागच्या बाया उतरेपर्यंत हसत होत्या.

घरी मी तो बायकोच्या कोंबड्यांत सोडला. तो जागच्या जागी गोल फिरू लागला. नवी जागा पाहतोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. सकाळी तो मेलेला होता. मी गुपचूप बांधावर पुरला आणि बोक्याने नेला म्हणालो.

त्याच दिवशी शेजारची वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, कुंपणावरून म्हणाली, "काय गुबगुबीत झाल्या वं बाई तुह्या कोंबड्या." आठवडा उलटायच्या आत त्या पंख पाडून बसल्या, हिरवं हगू लागल्या, आणि एकेकीची मान मुरडून आभाळाकडे गेली. मानमोडीचा रोग. तो कोणी आणला ते मला लगेच कळलं. खुराडं रिकामं झालं तेव्हा बायको म्हणाली, "तिचीच नजर लागली." मी गप्प राहिलो. वर मीठ-मिरच्यांची पुरचुंडी ओवाळून मीच चुलीत टाकली. ठसका लागला नाही. म्हणजे नजर जबर, असं घरात ठरलं, आणि दोघी जावांचं बोलणं कायमचं बंद झालं.

यंदा नातवाला मुलगी झाली. बारशाचं बोलणं अंगणात चाललं होतं. बायको म्हणाली, "तिले नका बोलावू. कोंबड्या नाई सोडल्या तिनं, लेकरू सोडन?" कुंपणापलीकडे वहिनीचा झाडू थांबला.

"कोंबडा मी आणला होता," माझ्या तोंडून निघून गेलं. "आजारी होता. त्याच्यानंच मेल्या." मग सगळंच सांगितलं. मान कशी होती तेही करून दाखवलं.

मग कुंपणावरून आवाज आला, "भाऊजी, मान अजून एकदा करा बरं."

मी केली. बायकोने पदर तोंडात कोंबला, पण हसू बाहेर आलंच. मग एकदम थांबून तिने विचारलं, "अन् ठसका काऊन नाई लागला?"

"पुरचुंडीत नुसतं मीठ होतं."

ती माझ्याकडे बघेना. कुंपणाकडे वळून म्हणाली, "बाई, इतले वर्स मी तुमाले..."

"राहू दे," वहिनी म्हणाली. "बारसं कधी हाये ते सांग."

बारशाला बाळ वहिनीच्या मांडीवर होतं. मी वाकून पाहायला गेलो तर बायकोने हात आडवा घातला. "तुमी दूर बसा. नजर तुमचीच खराब निघाली."

मी भिंतीशी जाऊन बसलो आणि मान मुरडून आढ्याकडे बघत राहिलो. दोघी पाळणा म्हणता म्हणता हसण्यात मधेच ओळी विसरल्या.