एल्डर मिकल्सनला आलेली शंका

थेन हा सॉल्ट लेक शहराच्या दक्षिणेकडच्या सानपीट खोऱ्यातल्या टर्कीवाल्या मिकल्सनांचा मधला मुलगा. थोरला व्हर्न चिलीत दोन वर्षं मिशन, म्हणजे चर्चचा धर्मप्रचार, करून आला होता आणि जेवणाच्या टेबलावर स्पॅनिशमध्ये मीठ मागायचा. धाकटी बहीण अजून शाळेत होती. थेन कामाला वाघ. चार शेडमधले हजारो टर्की पक्षी सांभाळायचे म्हणजे खेळ नव्हे, पण तो कधी कुरकुरला नाही. त्याला खोड एकच. शेडचं दार लावून तो निम्म्या वाटेवर यायचा, थांबायचा आणि परत जाऊन बघायचा. दार लागलेलंच असायचं. तो पुन्हा निघायचा आणि पुन्हा फिरायचा.

"दाराला पाय फुटलेत का रे?" वडील ट्रकमधून ओरडायचे.

सोळाव्या वर्षी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीवरची प्रार्थना म्हणायची पाळी त्याच्यावर आली. ही प्रार्थना अक्षरन् अक्षर बरोबर लागते. एखादा शब्द चुकला तर बिशप, म्हणजे गावच्या चर्चचे प्रमुख, खूण करतात आणि ती पुन्हा म्हणावी लागते. थेनने म्हटली, बिशपनी 'ठीक आहे' अशी मान डोलावली. तरी त्याने ती आपणहून पुन्हा म्हटली. मग आणखी एकदा. सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघत बसली. घरी जाताना आई म्हणाली, "किती मनापासून करतो पोर!" खोऱ्यात याला भक्ती म्हणत. थेनलाही ती भक्तीच वाटे, फक्त ती केल्यावरही मन शांत का होत नाही, हे त्याला कळत नसे.

एकोणीस पूर्ण झाली आणि १९९३च्या उन्हाळ्यात मिशनचं पत्र आलं. आजी, काका, शेजारी, सगळे दिवाणखान्यात दाटीवाटीने जमले आणि त्याने लिफाफा फोडला. मिनेसोटा!

"बरं झालं," व्हर्न म्हणाला, "नवी भाषा नको. नुसती थंडी शिकलास की झालं."

जाण्याआधी बिशप विचारतात, तू लायक आहेस ना? थेन हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो बिशपांच्या घरी गेला. चौथीत दुकानातून एक गोळी उचलली होती, ते सांगून आला. तिसऱ्या दिवशी गणितातली कॉपी. पाचव्या दिवशी तो पुन्हा दारात दिसताच बिशप जाळीच्या दाराआडूनच म्हणाले, "थेन, घरी जा बाळा. देवाला तुझ्याशिवायही चार कामं आहेत."

मिशन म्हणजे सकाळी साडेसहाला उठणं, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी आणि पट्टीवर 'एल्डर' ही मिशनऱ्याची पदवी आणि पुढे आडनाव. जोडीदाराला सोडून एकट्याने पाऊलही टाकायचं नाही. घरी फोन वर्षातून दोनदाच, एरवी आठवड्याला एक पत्र. पहिले तीन महिने थेन आणि त्याचा पहिला जोडीदार दारं ठोठावत फिरले. बहुतेक दारं उघडत नसत, आणि उघडली तरी पायरीवरून आत कुणी घेत नसे. एका बाईने कुत्रा सोडला. एका म्हाताऱ्याने तासभर राजकारण ऐकवलं आणि शेवटी विचारलं, "तुम्ही गॅसवाले ना?" दार उघडलं नाही की थेनला सुटल्यासारखं वाटे, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून लगेच अपराधी.

डिसेंबरात त्याची बदली उत्तरेकडच्या एका लोखंडाच्या खाणींच्या गावात झाली. तिथे जोडीला मिळाला एल्डर हाफोका. सॉल्ट लेकच्या पश्चिम भागातल्या, टोंगा बेटांवरून आलेल्या घरातला, दरवाजाएवढा रुंद आणि सदा हसरा. बर्फ उपसणाऱ्या कुणाला पाहिलं की तो विचारत बसत नसे, सरळ त्याच्या हातातलं फावडं घेई. त्या फावड्यामुळेच आर्वो किनुनेन भेटले.

किनुनेन खाणीतून निवृत्त झालेले. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अंगण साफ झालेलं बघून त्यांनी दार उघडलं. "आत या पोरांनो. उणे वीस आहे बाहेर. तुमचा देव घ्यायचा की नाही ते नंतर बघू."

त्यांनी कॉफी पुढे केली. हाफोका म्हणाला, "आमच्या धर्मात वर्ज्य आहे, आम्ही कॉफी घेत नाही."

"कॉफी घेत नाही?" म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग जगता कशावर?"

पण पोरं पुढच्या मंगळवारी आली, त्याच्या पुढच्याही आली. मेल्यावर बायको पुन्हा भेटेल का, एवढं एकच किनुनेनना जाणून घ्यायचं होतं. थेन त्यांना समजावून सांगे तेव्हा आपले शब्द पुन्हा तपासायचं तो तेवढ्यापुरतं विसरे. त्या स्वयंपाकघरात, वेलची घातलेला गोड पाव खाताना, त्याला प्रथमच वाटलं की आपण इथे खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडतोय. घरच्या पत्रात त्याने लिहिलं, 'मी आनंदात आहे.' आणि ते खरं होतं.

फेब्रुवारीत किनुनेननी बाप्तिस्म्यासाठी कॉफी सोडली, सिगारेटही. आठवडाभर डोकं ठणकत होतं, भिंतीलासुद्धा शिव्या देत होते, पण सोडली. "पन्नास वर्षांची सवय आहे," ते म्हणाले, "एवढं करतोय म्हणजे तुमचं बोलणं मनावर घेतलंय, समजलं?" आणि बाप्तिस्मा थेननेच द्यायचा, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

मार्चमधल्या एका शनिवारी छोट्याशा चर्चच्या हौदात दोघे उतरले. नियम साधे पण कडक. ठरलेले शब्द जसेच्या तसे म्हणायचे आणि माणूस संपूर्ण पाण्याखाली गेला पाहिजे, अंगठाही वर राहता कामा नये. साक्षीला दोघे, हाफोका आणि चर्चच्या गावातल्या शाखेचे अध्यक्ष ऑस्टबी. थेनने शब्द म्हटले, किनुनेनना मागे झुकवलं आणि म्हाताऱ्याचा आखडलेला गुडघा टुणकन वर आला. ऑस्टबींनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा शब्द, पुन्हा पाणी. या वेळी सगळं आत गेलं. किनुनेन पाणी निथळत उठले, नाक शिंकरलं आणि रडले. हाफोका तर त्यांच्याआधीच रडत होता.

थेन कपडे बदलायच्या खोलीत ओले मोजे काढत होता, तेव्हा ती शंका आली. दुसऱ्या वेळी एक शब्द आपण गिळला का?

"बरोबर म्हटलास," हाफोका म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. मी साक्षीदार आहे."

थेनचा जीव भांड्यात पडला. वीस मिनिटांनी तो भांड्यातून पुन्हा बाहेर आला. शब्द गिळला असेल तर बाप्तिस्मा झालाच नाही. बाप्तिस्मा झाला नसेल, तर या माणसाने कॉफी सोडली, सिगारेट सोडली, बायकोच्या आशेवर बसला, ते सगळं पोकळ. आणि त्याला ते माहीतही नाही. माहीत आहे ते फक्त थेनला.

त्याने रविवारी विचारलं. सोमवारी कपडे धुताना विचारलं, मंगळवारी रस्ता ओलांडताना मध्येच थांबून विचारलं. हाफोका दर वेळी उत्तर देई, पण गुरुवारी त्याने टोपी बर्फात आपटली. "मिकल्सन, मी साक्षीदार आहे की पोपट? सांगितलं ना बरोबर होतं म्हणून! आता माझ्याच डोक्यात गोंधळ व्हायला लागलाय!"

"म्हणजे तुलाही खात्री नाही?" थेनचा चेहरा पांढराफटक पडला.

हाफोकाने कपाळावर हात मारून घेतला.

थेनने मिशनच्या अध्यक्षांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "दोन साक्षीदार आहेत, नोंद झाली आहे, निश्चिंत राहा, एल्डर." ती निश्चिंती अर्धा तास टिकली. मग त्याने उपास धरला. एक दिवसाचा, मग दोन दिवसांचा. प्रार्थनेला बसला की सुरुवात नीट झाली नाही असं वाटून पुन्हा पहिल्यापासून. हाफोका बूट घालून दारात ताटकळत राही आणि थेन गुडघ्यांवरून उठत नसे. तिसऱ्या आठवड्यात एका अनोळखी घराच्या पायऱ्या चढताना त्याला भोवळ आली. हाफोकाने त्याला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. सगळ्यात जवळचं ओळखीचं घर किनुनेनांचं.

म्हाताऱ्याने सूप पाजलं. दोन चमचे पोटात गेल्यावर थेनच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. शब्द, गुडघा, शंका, सगळं. "मला माफ करा," तो म्हणत राहिला, "तुमचा बाप्तिस्मा कदाचित झालेलाच नाही."

हाफोकाने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे मी ओला की कोरडा?" किनुनेननी हाफोकाला विचारलं.

"ओले, ब्रदर किनुनेन. ठार ओले."

"मलाही तसंच वाटलं." मग ते थेनकडे वळले. त्यांच्या आवाजात थोडा राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "हे तू मला सांगायला नको होतंस पोरा. माझ्या बायकोची गोष्ट आहे ही." थोड्या वेळाने आवाज उतरला. "आमच्या खाणीत सुरुंगाच्या कामावर एक जण होता. वात जोडली की तपासायचा, परत तपासायचा, वर निघालेला लिफ्टचा पाळणा थांबवून पुन्हा खाली जायचा. आम्ही हसायचो त्याला. तो काही वाईट कामगार नव्हता रे. आजारी होता. आम्हाला ते फार उशिरा कळलं. तू देवाकडे जाऊन काही व्हायचं नाही. डॉक्टरकडे जा."

"पण मी आजारी नाही. मला फक्त खात्री हवी आहे."

"तेच तो म्हणायचा."

आणि त्याच्यादेखत किनुनेननी फोन उचलला. मिशनच्या अध्यक्षांशी ते खाणीतल्या मुकादमाशी बोलावं तसे बोलले. "तुमचा पोरगा माझ्या टेबलापाशी बसलाय आणि चमचा धरवत नाही त्याला. धीराचे शब्द पुरे झाले. डॉक्टर बघा."

अध्यक्ष भला माणूस होता. त्यांनी ऐकलं. डुलुथ शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी थेनला तासभर प्रश्न विचारले आणि शेवटी सांगितलं, "हे पाप नाही, आजार आहे. याला नाव आहे आणि औषधही आहे. वेळ लागेल."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?" थेनने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या, "आणि तू आता जे विचारलंस ना, तोच तो आजार."

औषध सुरू झालं, पण बाईंचं मत पडलं की त्याने घरी जावं. थेन अध्यक्षांसमोर हात जोडून बसला. सात महिन्यांत परत जायचं? चोवीसपैकी सात? खोऱ्यात तोंड कसं दाखवू? अध्यक्षांनी त्याला जवळ घेतलं, पण निर्णय बदलला नाही. विमानतळावर हाफोकाने त्याला अशी मिठी मारली की पाय जमिनीवरून सुटले. "मी चिडलो त्याबद्दल..." तो म्हणाला आणि आपली टोपी काढून त्याने थेनच्या डोक्यावर घातली.

सॉल्ट लेकच्या विमानतळावर दोन वर्षं पुरी करून येणाऱ्यांसाठी फुगे असतात, फलक असतात. थेनला घ्यायला फक्त आईवडील आले होते. आईने त्याच्या गालाला हात लावून विचारलं, "जेवतोस ना रे?" वडिलांनी बॅग उचलून ट्रकमध्ये टाकली. वाटेतलं नेफाय गाव मागे पडल्यावर म्हणाले, "चौथ्या शेडचं छप्पर गळतंय. उद्या हात लाव जरा."

थेनला ते वाक्य आयुष्यभर पुरलं.

गावात मात्र गोड बोलणं सुरू झालं. "काय रे, एवढ्यात?" "पाठदुखी का?" "काही झालं का तिकडे?" शेवटचा प्रश्न विचारणारे आवाज खाली आणत. म्हणजे मुलीबिलीची भानगड. बिशप घरी येऊन म्हणाले, "परत आलेला मिशनरी रविवारी सभेत बोलतो, पण तुझ्यावर जबरदस्ती नाही." आईला वाटत होतं, राहू दे. व्हर्नला वाटत होतं, पाठ दुखते म्हणून सांगून टाकावं.

थेन रविवारी व्यासपीठावर गेला. तीन मिनिटं बोलला असेल. "मी पाप करून आलो नाही," तो म्हणाला, "आणि पाठही दुखत नाही. माझ्या डोक्याला आजार आहे. मला कशाचीच खात्री वाटत नाही. आत्ता हे वाक्य बरोबर बोललो का, याचीसुद्धा नाही. मी औषध घेतोय. तिथे मी एका माणसाला मदत केली, आणि मग त्यालाच त्रास दिला. दोन्ही खरं आहे." आणि खाली बसला. आपण बोललो ते बरोबर की चूक, हे विचार लगेच सुरू झाले.

सभा सुटल्यावर बहुतेकांनी घाईघाईने हात मिळवला. काहींनी तोही नाही. कोट घालताना सिस्टर ब्रदर्सन (चर्चमध्ये सगळ्या बायका सिस्टरच) त्याच्यापाशी आल्या. सत्तरीच्या, कडक इस्त्रीतल्या बाई, कुणापुढे न वाकणाऱ्या. त्यांनी त्याची बाही घट्ट धरली.

"आमचा मुलगा, गार्थ," त्या कुजबुजल्या, "एकाहत्तर साली मिशनवरून पाच महिन्यांत परत आला. दिवसभर हात धुवायचा. आम्ही सगळ्यांना सांगितलं, पाठदुखी आहे." त्यांनी आजूबाजूला पाहून घेतलं. "तेवीस वर्षं झाली. अजून धुतो. औषध कुठल्या डॉक्टरचं घेतोस तू?"

गार्थ पशुखाद्याच्या गिरणीत कामाला होता. चाळिशी उलटलेला, एकलकोंडा, चर्चमध्ये पाऊल न टाकणारा. थेनने बरोबर चल म्हटलं तेव्हा पहिल्यांदा तो नाही म्हणाला, दुसऱ्यांदा शिवी दिली. मे महिन्यातल्या एका बुधवारी मात्र तो वडिलांचा ट्रक घेऊन आलेल्या थेनशेजारी येऊन बसला, हातमोजे घालून. थेनचे उपचार चालू होते तो प्रोव्हो शहरातला दवाखाना दीड तासाच्या अंतरावर. पहिल्या दिवशी गार्थ जाताना-येताना खिडकीबाहेर बघत राहिला. पुढच्या बुधवारी गार्थने रेडिओ लावला. असे ते अडीच वर्षं जात राहिले.