काशाच्या नगाऱ्यावरची पाखरं

गेल्या वर्षी मला व्हिएतनामच्या इतिहासावरच्या एका खेळाचे पत्ते काढायचं काम मिळालं. मी सोलापुरात घरी बसून कॉम्प्युटरवर चित्रं काढते. व्हिएतनाम मला नकाशात चटकन दाखवताही आलं नसतं, पण आलेलं काम परत पाठवायचं नाही हा आमच्या घरचा धर्म. हत्तीवर बसून लढायला निघालेल्या दोन बहिणी, कमळ, राजाकडून तलवार परत मागणारं तळ्यातलं कासव, असं एकेक मी काढत गेले. कासव बघून अप्पा म्हणाले, "आपलं कासव देवळात गप पडून असतंय. ह्यांचं राजालाच जाब इचारतंय की!"

अप्पा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं त्यांनी ग्राफच्या कागदावर चौकोन न चौकोन भरून चादरींची डिझाईनं काढली. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत कॉम्प्युटर आले आणि त्यांचं काम थांबलं. तेव्हापासून घरात बसून भाजीच्या मिठावर भांडायचे. म्हणून काशाच्या जुन्या नगाऱ्याचा पत्ता मी त्यांना काढायला दिला. मधोमध सूर्य, भोवती लांब चोचीची पाखरं. आठवडाभर ते हाक मारल्याशिवाय जेवायला उठले नाहीत, आणि मिठाबद्दल चकार शब्द नाही. मला फार बरं वाटलं.

चित्र देखणं झालं. पण चादरीवाल्याची सवय! चादरीचं डिझाईन अर्धंच काढतात आणि उरलेलं अर्धं आरशातल्यासारखं उलटं घेतात. म्हणूनच चादरीवर मोरासमोर मोर येतो. अप्पांनी नगाराही तसाच केला. दोन्हीकडची पाखरं वर चढून चोचीला चोच लावून उभी. खेळ काढणाऱ्या हनोईच्या बाईंनी कळवलं, चित्र आवडलं, पण आमच्या नगाऱ्यावर सगळी पाखरं एकाच दिशेनं उडतात. म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो त्याच्या बरोबर उलट.

हे अप्पांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. त्यांचा हात थरथरतो, दिसायलाही कमी झालंय. परत काढायला लावलं तर खचतील. मी डावीकडची पाखरं कॉम्प्युटरवर फिरवली. पाच मिनिटांचं काम. अप्पांना म्हटलं, "पास झालं."

परवा छापलेले पत्ते आले. अप्पांनी चष्मा पुसला, पत्ता दारातल्या उजेडात धरला.

"डावीकडची फिरवलीस?"

मी खरं ते सांगून टाकलं.

"बरोबर हाय त्यांचं. गोल उडणारी पाखरं समोरासमोर आली तर धडकतील की." ते हसले, म्हणून मीही हसले. मग त्यांनी पत्ता टेबलावर ठेवला.

"मालकांनी लई डिझाईनं तोंडावर फेकली माझ्या. शिव्यासुद्धा दिल्या. पण दुरुस्त करायला मलाच दिली."

मी त्यांना जपत होते, असं मला वाटत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.