हायकोर्ट अक्का आणि सोयीचं लग्न

अक्कांच्या हातात नवी कादंबरी आली की त्या पहिलं पान उघडत नसत. आधी लग्न शोधत. चष्मा नाकावर खाली ओढून, अंगठ्याने पानं मागेपुढे करत त्या लग्नाच्या प्रकरणापर्यंत पोचायच्या आणि ते उभ्या उभ्या वाचून काढायच्या. वऱ्हाड कुठून आलं, पंगतीत काय होतं, रुसलं कोण, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलीला कोणी काही विचारलं का. लग्न पटलं तर पुस्तक पहिल्यापासून वाचायचं, नाही पटलं तर ज्याचं त्याला परत. ज्या कादंबरीत लग्नच नसे, तिला त्या "संन्याशाचं पुस्तक" म्हणत आणि ती हातातही घेत नसत.

जळगावात आमच्या कॉलनीतल्या बायकांची पुस्तकांची भिशी होती. मी तेव्हा एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत होते, म्हणून भिशीचा कारभार आपोआप माझ्या गळ्यात पडला. दर महिन्याला चिठ्ठी निघायची. जिचं नाव निघेल तिच्या पसंतीचं पुस्तक यायचं, घरोघर फिरायचं आणि शेवटी तिच्याच घरी पोहे खात सगळ्यांनी मतं द्यायची. प्राजक्ता नावाची नवी सून होती, तिला प्रत्येक पुस्तक वाचून रडू यायचं. कापडदुकानवाल्या भाभींना शेवट गोड लागायचा. "दिवसभर गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकते," त्या म्हणत, "परत पुस्तकात कशाला?" माझं मत जरा लांबे, आणि त्या वेळात बाकीच्या चहाचं बघून येत. अक्कांचं मत सगळ्यात शेवटी. त्यानंतर कोणी बोलत नसे, म्हणून त्यांना आम्ही मागे 'हायकोर्ट' म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं. "मग करा की वर अपील," असं एकदा भाभींना ऐकवून त्यांनी प्लेट पुढे केली होती.

अक्का मूळच्या धरणगावच्या. मत द्यायला लागल्या की पहिली चार वाक्यं अगदी बातम्यांसारखी शुद्ध. मग विषय मनाला लागला की अहिराणी सुरू. त्यामुळे वाक्याच्या शेवटी 'शे' आलं की ते अक्कांचं खरं मत, हे आम्ही ओळखून होतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "अर्धं पुस्तक संपलं, कोणी जेवलंच नाही. तलवारी काय उपाशीपोटी फिरवत होते?" नायिकेचे डोळे, केस, चाल यांची वर्णनं त्या बोटाने खाली खाली सरकवत जात. "हाई बठ्ठं ठीक शे. पन पोरले कोनी इचारं का नही?"

बाकी सगळं ठीक, पण मुलीला कोणी विचारलं का, हा प्रश्न कुठून येतो ते कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, कारण अक्का ते लपवत नसत. त्यांचं लग्न साट्यालोट्याचं. एका घरातली बहीण-भावाची जोडी दुसऱ्या घरातल्या बहीण-भावाला द्यायची, म्हणजे दोन्ही लग्नं एका मांडवात होतात आणि कोणी कोणापुढे वाकायला नको. अक्कांचे यजमान, म्हणजे नाना, यांची बहीण सुमन उंच होती आणि तोंडाने फटकळ, त्यामुळे तिचं जमत नव्हतं. अक्कांच्या वडिलांनी सांगितलं, तुमची मुलगी आमच्या मुलाला करतो, आमची तुमच्या मुलाला करा. तेव्हापासून अक्का आणि सुमन एकमेकींच्या नणंदाही झाल्या आणि भावजयाही. मानपान नणंदेचे मागायचे की कामं भावजयीची करायची, हा घोळ त्यांना जन्मभर पुरला. आपसात भांडण झालं तर माहेरी सांगायची सोय नव्हती, कारण माहेरी भांडणारीच नांदत होती.

"मी बदलीत आलेली बाई," अक्का म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण पुन्हा पुन्हा म्हणायच्या. नानांनी बहिणीचं जमावं म्हणून आपल्याला पदरात घेतलं, ही गोष्ट त्यांच्या मनात इतकी पक्की बसली होती की नानांनी साडी आणली तरी त्या विचारायच्या, "सुमनले बी लई का?" नाना यावर काही बोलत नसत. जिनिंगमध्ये आयुष्य काढलेला तो उंच, वाळका माणूस. कपाशीच्या ढिगापुढे उभं राहून त्यांना फक्त मान हलवायची सवय लागली असावी. आम्ही बायका जमलो की ते टोपी घालून निमूट बाहेर पडत आणि पोह्यांचा वास येईपर्यंत येत नसत.

अशातच भाभींच्या पसंतीने ती जाडजूड कादंबरी आली. तिचं भारदस्त नाव आमच्यापैकी कोणाच्या तोंडी बसलं नाही. आम्ही तिला 'गढीवाली' म्हणायचो. दोन सरदारांचं एका गढीवरून वैर. ते मिटावं म्हणून एकाच्या मुलाचं दुसऱ्याच्या मुलीशी लग्न लावतात. नवराबायको निम्मं पुस्तक एकमेकांशी बोलत नाहीत. मग लढाई, जखम, जखमेवर लेप, आणि शेवटी चांदण्यात बुरुजावर उभा राहून तो तिला सांगतो की गढी गेली तरी चालेल, तू हवीस. ती एक अक्षर न बोलता पायऱ्या उतरून खाली जाते. पुस्तक संपलं.

या पुस्तकाने भिशीत फूट पडली. प्राजक्ता म्हणाली, लेप लावायच्या प्रसंगाला तिने उशी भिजवली. भाभी म्हणाल्या, शेवटी तिने निदान "हो" तरी म्हणायला हवं होतं, एवढं जाड पुस्तक आणि शेवटी मापात कमी. मी त्या काळच्या राजकीय विवाहांबद्दल काही सांगितलं, तेव्हा चहा आला. अक्कांना त्या दिवशी ताप होता म्हणून त्या आल्या नव्हत्या. हायकोर्टाचा निकाल फोनवर येणार होता.

फोनवर बोलून निरोप पाठवायला त्यांना मीच शिकवलं होतं. बोट वर सरकवलं की बटण दाबून धरावं लागत नाही, ही सोयही सांगितली होती. त्याचा परिणाम असा झाला की अक्का बोट सरकवायच्या, मत द्यायच्या, फोन ओट्यावर ठेवून कामाला लागायच्या आणि आठवलं की पाठवायच्या. त्यामुळे त्यांच्या मतात कुकरच्या शिट्ट्या असत, दूधवाल्याला दिलेला दम असे, आणि एकदा अख्खी आरती आली होती. आम्ही ते सगळं ऐकायचो. खरं सांगायचं तर मतापेक्षा पुढचंच जास्त आवडीने ऐकायचो.

गढीवालीचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सुरुवात शुद्ध होती. "लेखकाची भाषा चांगली आहे. लढाया जास्त आहेत. मुलगी शेवटी गप्प बसते ही लेखकाची चूक आहे. एवढा माणूस बोलतो आहे, तर तिने उत्तर द्यायला नको?" मग आवाज बदलला. "पन माले त्यानंच खरं वाटत नही. त्यानी गढीसाठे पोर करी. मांगून बुरुजवर चढीसन काही बी बोलाले काय जास?" इथे मत संपलं. फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, भांडी वाजली, आणि मग अक्का दुसऱ्याच कोणाला म्हणाल्या, "तुम्ही बी तसंच करं. सुमननं जमाले पाहिजे म्हनीसन माले करं."

नेहमीसारखं आता नाना उठून बाहेर जाणार असं मला वाटलं. ते गेले नाहीत. नळ सोडल्याचा आवाज आला. मग नानांचा आवाज, जो आमच्यातल्या निम्म्या बायकांनी तोवर ऐकलाही नव्हता.

"सुमनले बोदवडनं स्थळ येल व्हतं. नोकरीवालं. मीच नको म्हनं."

"काबरं?"

"तठे दिधी असती ते मंग तू माले कशी भेटती?"

नळ बंद झाला. मग अगदी जवळून अक्कांचा बारीक आवाज आला, "अगं बाई, हाई धाडाचं ऱ्हाईच गयं," आणि निरोप आला तो थेट आमच्या अख्ख्या भिशीला.

प्राजक्ता रडली असणार हे धरूनच चालायचं. भाभींनी मला दुकानातून फोन केला आणि म्हणाल्या, "शेवट चांगला झाला." संध्याकाळपर्यंत अक्कांच्या लक्षात आलं की काय पाठवलं गेलं आहे. त्यांनी भिशीच्या गटावर फक्त एवढं कळवलं की येत्या रविवारी नानांच्या शेतात भरीत आहे, सगळ्यांनी यावं, पुस्तक आणू नये.

थंडीचे दिवस होते. शेतात काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकली होती आणि नाना ती उलटी करत होते. धरणगावहून सुमनताईही आल्या होत्या. बोदवडच्या स्थळाचं आम्ही काही विचारायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, "माले भाऊनी इचारेल व्हतं. मीच म्हनं, बोदवड नको. तो मानूस मांगून भलता जाड व्हयना." यावर सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत. पीठ मळता मळता त्या जाळाकडे बघून म्हणाल्या, "म्हनजे बठ्ठास्ले इचारं. मालेच इचारं नही."

नानांनी एक वांगं उलटं केलं. वर न बघता ते म्हणाले, "आते इचारस."

आम्ही सगळ्या एकदम आपापल्या कामात शिरलो. ज्यांना काम नव्हतं त्यांनी मिरच्या मोजल्या. अक्का लाल झाल्या होत्या, पण जाळाजवळ बसलेलं माणूस लालच दिसतं. "आते पहिले जेवी ल्या," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची पहिली भाकरी त्यांनी नानांच्या ताटात टाकली. एवढ्या पाहुण्या बसलेल्या असताना अक्कांनी असं कधी केलं नव्हतं. नानांनी ती भाकरी निम्मी मोडून ठेवली आणि अक्का जेवायला बसेपर्यंत तिला हात लावला नाही.

पुढे मला धुळ्याला चांगली संधी मिळाली आणि मी तिकडे आले. भिशी भाभींनी चालवली. जळगावहून पुस्तकांची नावं यायची, अक्कांची मतं यायची, कुकरही यायचा. गेल्या हिवाळ्यात नाना गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता, जसे ते आम्ही आलो की बाहेर जायचे.

मी भेटायला गेले तेव्हा अक्का खुर्चीत बसल्या होत्या आणि गढीवाली मांडीवर होती. भिशीतून ती त्यांनी कधी परतच केली नव्हती. मी नानांबद्दल बोलायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, "त्या निकालात माझी चूक झाली. मी म्हटलं होतं, शेवटी पोरीने उत्तर दिलं नाही ही लेखकाची चूक आहे." शेवटचं पान त्यांनी उघडलं नाही, नुसता तळवा ठेवला. "ती खाली उतरली ती काय उगाच? तिला त्याच्यासाठी सैपाक कराना व्हता. पहिली भाकर त्याले वाढाची व्हती. तेच तिनं उत्तर शे."

मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. चष्म्यामागचे डोळे भरले होते. "त्याले समजनं असीन ना, बेटा?"

इतक्या वर्षांत अक्कांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "समजलं, अक्का. त्यांनी भाकरी तुमच्यासाठी थांबवून ठेवली होती."