बशीरमामांची हरळी

बशीरमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी कुरकुंभला, आमच्या प्लांटच्या लॅबमध्ये होते. सकाळची शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. त्यांच्या मुलीचा, नसीमचा फोन आला. "ताई, अब्बा गेले... पहाटे, झोपेतच." मागं कुणीतरी खुर्च्या ओढत असल्याचा आवाज येत होता. मी सुपरवायझरला सांगितलं आणि दौंडमार्गे इनामगावचा रस्ता धरला. त्याला आता पाच महिने होऊन गेले. त्या दिवशी बायकांमध्ये बसले असताना एकदोघींनी विचारलं, "तुमचे कोण लागत होते?" मला चटकन सांगता आलं नाही. त्यांनी मला गोल्फ शिकवला, असं मयताच्या घरात कसं सांगणार? आणि तेवढंच ते नव्हतंही...

सात-आठ वर्षांपूर्वी मी कारेगावजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. वरचे साहेब लोक परदेशातले. त्यांच्यासाठी कंपनीनं गेस्ट हाऊसच्या मागं उंच जाळी लावून गोल्फच्या सरावाची जागा केली होती. उभं राहायला प्लास्टिकच्या हिरव्या गवताच्या सहा मॅट, समोर मोकळं मुरमाड रान आणि त्यात अंतर दाखवणारे फलक. ती जागा बशीरमामा सांभाळायचे. तरुणपणी ते पुण्यात एका क्लबात खेळाडूंच्या बॅगा वाहायला लागले, बघून बघून खेळ शिकले, पुढं नवख्यांना शिकवायलाही लागले. पन्नाशीनंतर गुडघे बोलायला लागले तेव्हा गावाकडं परतले. एकदा पाहुण्यांना घेऊन मी तिथं गेले असताना कुणीतरी गमतीनं गोल्फची काठी, म्हणजे क्लब, माझ्या हातात दिला आणि मी तो फिरवला. चेंडू बराच लांब गेला. मामा म्हणाले, "हात चांगला हाय, मॅडम. येत जावा."

मी जायला लागले. शिरूरला खोली घेऊन एकटी राहत होते. नवऱ्यापासून वेगळं होऊन वर्ष झालं होतं. तुला काही नीट जमत नाही, हे मला इतक्या लोकांनी इतक्या प्रकारे सांगितलं होतं की मलाही ते पटत चाललं होतं. आणि इथं, शिफ्ट सुटल्यावर, मॅटवर उभं राहून क्लब फिरवला की टण् असा स्वच्छ आवाज यायचा, चेंडू उंच जायचा, आणि मागून मामांचा आवाज, "शाब्बास." आठवड्यातून तीनदा मी तो शब्द ऐकायला जायचे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

वर्षभरानं पुण्यात काही कंपन्यांची मिळून एक छोटी स्पर्धा होती. साहेबांनी माझं नाव दिलं. मामा माझी बॅग घेऊन बरोबर आले. पायाखाली खरं गवत मी पहिल्यांदाच अनुभवत होते. मी नेहमीसारखाच क्लब फिरवला. तो थेट जमिनीत रुतला, मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, मातीचं ढेकूळ उडालं आणि चेंडू जेमतेम दहा पावलांवर जाऊन थांबला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. मागच्या गटातले लोक सभ्यपणे दुसरीकडं बघत उभे होते. अर्ध्यातच मी खेळ सोडला.

परतताना शिक्रापूरला चहाला थांबलो. कप खाली ठेवून मामा म्हणाले, "मॅडम, चूक तुमची न्हाई. माझी हाय."

"तुम्ही काय केलंत?"

"तुमचा क्लब चेंडूच्या दोन बोटं आधी भुईला लागतो. पहिल्या दिवसापासनं. मॅटवर ते कळत न्हाई. प्लास्टिकवरनं घसरून म्होरं जातो, चेंडू उडतो, आवाज बी झकास येतो. गवतावर तोच क्लब मातीत शिरतो... मला दिसत व्हतं. तरी मी शाब्बास म्हणत राहिलो."

"का पण?"

"तिथं मी सगळ्यांनाच म्हणतो. साहेब लोक दमून येत्यात, खूश होऊन जात्यात. आन् तुम्ही..." त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. "तुम्ही हसायला लागला व्हता. म्हणलं, कशाला मोडा."

मला राग आला. वर्षभर कुणीतरी माझी कीव करत होतं, असं वाटलं. महिनाभर मी तिकडं फिरकले नाही. मग एक दिवस त्यांचाच फोन आला, "रविवारी इनामगावला घरी या. काम हाय."

घोड नदीच्या काठाला त्यांची थोडीशी जमीन होती. बांधाला लागून खोलीएवढा एक तुकडा त्यांनी साफ केला होता आणि त्यात हरळी लावली होती. आमच्या भागात हरळी म्हणजे रानाचा दुष्मन. खणून, वेचून, जाळून माणसं थकतात, ती पुन्हा उगवते. आणि मामा तिला पाणी घालत होते. शेजारच्या रानातले एक आप्पा बांधावर उभे राहून मला म्हणाले, "आमची हयात हरळी उपटण्यात गेली बघा, आन् ह्यो बशीर तिची लागवड करतोय." मामा नुसते हसले. पुण्याच्या मैदानावरही हेच गवत होतं, त्यांनी मला सांगितलं, फक्त नाव इंग्रजी.

हरळी दाट व्हायला दोन-तीन महिने गेले. मग त्यांनी ती कापून बारीक केली, चुन्याची एक सरळ रेघ ओढली आणि चेंडू रेघेवर ठेवला. क्लबनं गवत कापलं जायला हवं ते रेघेच्या पुढं. मागं कापलं तर चूक. एवढाच धडा. मी फटका मारायचे, ते वाकून जमीन बघायचे आणि म्हणायचे, "मागं." चेंडू कुठं गेला ते बघायचेसुद्धा नाहीत. किती रविवार मी तो एकच शब्द ऐकला! एका सकाळी ते वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले आणि म्हणाले, "म्होरं." शाब्बास नाही, काही नाही. पण त्या दिवशी शिरूरला परतताना मी एकटीच गाडीत रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा त्या स्पर्धेत खेळले. बक्षीस वगैरे मिळालं नाही, पण मैदानावरचे अठराही होल खेळून खेळ पूर्ण केला. नंतर कुरकुंभची नोकरी मिळाली, दौंडला राहायला गेले, तरी रविवारचं इनामगाव सुटलं नाही. मॅडमची मी कधी 'पोरी' झाले ते कळलं नाही. गेल्या हिवाळ्यात मामांच्या हृदयाचं दुखणं वाढलं. ते खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच बघायचे. एकदा मी म्हटलं, मॅटनं माझं वर्ष फुकट घालवलं. ते म्हणाले, "न्हाई, पोरी. पावसाळ्यात, चिखलात मॅट बरीच असती. हात मोकळा राहतो. फकस्त तिनं सांगितलेलं खरं मानू नये." आमची ती शेवटची भेट.

परवाच्या रविवारी मी पुन्हा गेले. जैनबमामी एकट्याच होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "चल, रानात जाऊ." गाडीतला क्लब आणि चेंडू घेऊन मी मागोमाग गेले; तुकड्यावर हरळी वाढली होती. मामी माझ्या हातातला क्लब घेऊन म्हणाल्या, "कसं धरायचं गं? इतकी वर्षं बघितलं, पण धरला न्हाई कधी."

मी चेंडू ठेवला आणि त्यांची बोटं नीट लावून दिली. त्यांनी पदर खोचला, क्लब उचलला आणि खाली आणला. गवतासकट मातीचं चांगलं मोठं ढेकूळ उडालं. चेंडू जागचा हलला नाही. मी काहीतरी बरं बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. "मामी," मी म्हटलं, "आधी भुईला लागलं."

"व्हय," त्या शांतपणे म्हणाल्या. "हाताला कळलं की."

मग न सांगताच त्या गेल्या, ते ढेकूळ उचलून आणलं, गवताची बाजू वर करून खड्ड्यात बरोबर बसवलं आणि टाचेनं हलकेच दाबलं, एकदा, दोनदा... मामा प्रत्येक फटक्यानंतर अगदी असंच दाबायचे.