मास्तरांचा हरवलेला चेंडू

नोकरीतलं बरंच काही विसरलो, पण माकणीच्या धरणामागची ती सकाळ काही केल्या डोक्यातून जात नाही.

पाण्यालगतच्या माळावर हौशी लोकांनी गोल्फचं मैदान आखलं होतं. हिरवळ नावालाही नाही. मुरूम दाबून केलेल्या सपाट जागा, त्यात नऊ खड्डे आणि बांबूंना बांधलेली फडकी. चहा-भज्यांच्या खर्चात कुणीही यावं, काठी भाड्यानं घ्यावी आणि खेळावं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खो खो हसलो होतो.

त्या दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला तो तिथं खेळणाऱ्या एका निवृत्त मास्तरांचा. "साहेब, लवकर या. सातव्या खड्ड्यापलीकडं बाभळीत मेंढपाळ पडलाय. डोकं फुटलंय, आणि भाऊ शेजारी उभा आहे."

आम्ही पोचलो तेव्हा धाकट्या भावाचे हात रक्तानं माखलेले होते. जखमीला त्याच्याच घोंगडीत उचलून जीपमध्ये घातलं आणि धाराशिवच्या दवाखान्यात हलवलं. आदल्याच दिवशी मेंढरांच्या वाटणीवरून दोघांची कडाक्याची भांडणं झाली होती. "तुला बघून घेतो," असं धाकटा चारचौघांत ओरडला होता. मी त्याला ताब्यात घेतलं.

"दगड कुठं टाकलास?"

"म्या न्हाय मारलं, साहेब. मेंढरं बिथरली म्हून पळत आलो, तर दादा पडलेला."

दम दिला, चहा पाजला, पुन्हा विचारलं. तेच उत्तर. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवीन जोडतो. हा गडी काहीच जोडेना, आणि तेच मला खुपायला लागलं.

जखमी शुद्धीवर येत नव्हता. तो गेला तर खुनाचा गुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याला कोर्टात उभं करायचं. ठाण्याबाहेर नातेवाईक जमले होते. दवाखान्यातून फोन आला की मीच धावत जाऊन उचलायचो. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

जबाब पुरा करायला मास्तरांना बोलावलं. "बाभळीत तुम्ही कशाला गेला होता?"

"चेंडू शोधायला. फटका जोरात बसला, पण वाकडा गेला."

"सापडला?"

"छे! माणूस असा पडलेला दिसल्यावर कसला चेंडू शोधणार?"

लिहिता लिहिता माझा हात थांबला. जखम लहान आणि वाटोळी आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. बाभळीत आम्ही सगळं पालथं घातलं होतं, तिथं ना रक्ताचा दगड मिळाला ना चेंडू. तपासायची राहिली होती फक्त ती घोंगडी. हवालदार जप्तीला गेला होता, पण जखमीच्या बायकोनं तिचं गाठोडं बांधून जवळ ठेवलं होतं, हात लावू दिला नव्हता. भंडारा लावलेली, देवापुढं अंथरायची घोंगडी. बूटवाल्याला ती शिवू देईना.

पंच आणि मास्तरांना घेऊन मी दवाखान्यात गेलो. बूट काढले, तिच्यासमोर फरशीवर बसलो. "ताई, तुम्हीच सोडा. आम्ही नुसतं बघतो."

तिनं घोंगडी कपाळाला लावली आणि गाठ सोडली. वाळलेलं रक्त, भाकरीचा तुकडा, आणि पाठीवर टोपीसारख्या लोंबणाऱ्या खोळीतून एक पांढरा चेंडू टपकन फरशीवर पडला. त्याच्यावर लाल पेनानं काढलेला त्रिकोण होता. गोल्फवाले आपापल्या चेंडूवर अशी खूण करतात म्हणे. मास्तर गप्प राहिले असते तर ती खूण कुणाची हे शोधत मला हिंडावं लागलं असतं. त्यांनी चेंडूकडं बोट केलं. "साहेब, माझाच आहे हो. मीच मारलं याला."

पंचनामा झाला, गुन्ह्याचं कलम निष्काळजीपणावर आलं आणि धाकट्याला त्याच संध्याकाळी जातमुचलक्यावर सोडलं. संशयिताला आपण छळून छळून विचारतो, पण खबर देणारा तिथं कशाला गेला होता, हे विचारायचं राहून जातं. त्यानंतर मी ते कधीच राहू दिलं नाही.

पुढं काही दिवसांनी मेंढपाळानं डोळे उघडले तेव्हा मी तिथंच होतो. मास्तर दाराशी हात जोडून उभे होते. त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही.

"मेंढरं कुणाकडं हायती?" त्यानं विचारलं.

धाकटा उशाशी बसला होता. त्याला हुंदका आवरेना.

"माज्याकडं, दादा. तुजी माजी सारी एकाच कळपात हायती."