म्होरक्याची डावी वळणं

विमानतळावर सगळे त्याला म्होरक्या म्हणायचे. उतरलेलं विमान धावपट्टीवरून बाहेर आलं, की हा आपली पिवळी गाडी त्याच्या पुढे घालायचा आणि त्याला जागेवर नेऊन उभं करायचा. दर दीड मिनिटाला एक विमान उतरणारा तो अवाढव्य विमानतळ. नवखा पायलट तिथे हमखास चकायचा. पण एकोणीस वर्षांत म्होरक्याने एकालाही वाट चुकू दिली नव्हती. सवय अशी जडलेली, की घरची स्कूटरसुद्धा तो कोपऱ्यावर ऐसपैस वळवायचा, जणू मागे पंख आहेत.

सासूबाईंना मात्र हे काम कधी पटलंच नाही. "गाडीत दुसरं माणूस नाही, सामान नाही. नेतात तरी कोणाला?" असं त्या लेकीला फोनवर विचारायच्या, तेही म्होरक्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

त्याच सासूबाई आज आयुष्यात पहिल्यांदा विमानाने येत होत्या. म्होरक्याने दोघा सहकाऱ्यांना चहा पाजून त्या विमानाची पाळी पटकावली. बायकोने आईसाठी डावी खिडकी मिळवली. आज काहीही करून सासूबाईंना आपलं काम दिसलं पाहिजे! पण टॉवरने विमानाला जागा दिली ती सरळ नाकासमोरची. पुढची गाडी खिडकीतून दिसायची तर विमान डावीकडे वळायला हवं. म्होरक्याचं तोंडच पडलं.

विमान टेकलं आणि वायरलेस खरखरला. "ती जागा अडलीय. पार टोकाला न्या. दोन डावी वळणं."

दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. म्होरक्या गाडीत नाचायचाच काय तो बाकी राहिला. पहिल्या वळणावर त्याने खिडकीतून हात हलवला, दुसऱ्यावर टोपी.

"अरे, गाडीत मधमाशी शिरली का?" टॉवरने विचारलं.

"सासूबाई आल्यात!" म्होरक्या ओरडला.

काम संपताच तो धापा टाकत बाहेरच्या दाराशी पोचला. "दिसलो का?"

"कसले दिसताय जावईबापू! विमान सुटल्यापासून डोळे घट्ट मिटून बसले होते मी."

म्होरक्याला रडूच यायचं बाकी होतं.

"शेजारची बाई मात्र घाबरली," सासूबाई म्हणाल्या. "म्हणे, पिवळ्या गाडीत कोणी वेडा टोपी हलवतोय आणि आपलं विमान त्याच्या मागे चाललंय! मी डोळे न उघडताच सांगितलं, काळजी करू नका, ते आमचे जावई आहेत."